लेखनसीमा : कचेरीतील ई-मेल आणि गोपनीय माहिती

१९५० सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकातील काही मजकूर संसदेत मांडला जाण्यापूर्वीच बाहेर फुटला होता. त्या काळी अंदाजपत्रकाची छपाई राष्ट्रपती भवनाच्या आवारातील मुद्रणालयात होत असे. जॉन मथाई हे तेव्हा अर्थमंत्री होते. त्याच वर्षी पुढे ते खाते चिंतामणराव देशमुखांकडे आले. फुटीचा बोभाटा झाल्यावर छपाईचे काम मिंटो रोडवरील सरकारी मुद्रणालयात हलविण्यात आले आणि १९८० पासून ते नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात होऊ लागले. छपाईच्या प्रारंभी मोठ्या कढईत हलवा करून सर्वांना वाटावयाचा आणि मग संबंधित मंडळींना आतच ठेवून घ्यावयाचे, अशी प्रथा पडली. अर्थमंत्र्यांचे भाषण लोकसभेत होईपर्यंत त्यांनी घरी जावयाचे नाही आणि घरच्यांशी बोलावयाचेही नाही.

या उपायामागे एक गृहीत आहे. गुपिताला एक जागा असते. त्या जागेला भिंती असतात आणि भिंतींना मोजकी दारे असतात. दारे राखली म्हणजे गुपित राखले. सरकारी कचेऱ्यांतील गोपनीयतेची सारी व्यवस्था पिढ्यानपिढ्या या गृहीतावर उभी होती, आणि ती अगदीच वाईट चालली असेही म्हणता येणार नाही. आज मात्र त्याच कचेरीत प्रत्येक मेजावर एक दार आहे. ते कुलपाने बंद होत नाही, कारण दिवसभर त्यातूनच काम चालते. हे दार म्हणजे ई-मेल. त्यातून माहिती कशी निसटते आणि ती निसटू नये म्हणून कचेरीत काम करणाऱ्या साध्या माणसाने काय करावे, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

जुन्या पद्धतीने एखादे पत्र बाहेर कसे जात असे, ते प्रथम आठवून पाहू. लिपिकाने मसुदा करावयाचा. सेक्शन ऑफिसरने तो वाचून दुरुस्त करावयाचा. वरिष्ठांची संमती आल्यावर तो टंकलिखित व्हावयाचा. टंकलेखकाची प्रत मूळ मसुद्याशी कोणीतरी ताडून पाहावयाची. सही झाली की जावक विभागात नोंद व्हावयाची, लिफाफ्यावर पत्ता पडावयाचा, आणि शेवटी चपराशाने पिऊन बुकात पोचपावतीची सही आणावयाची. या दिरंगाईवर आपण सर्वांनी यथेच्छ टीका केली आहे आणि ती रास्तही होती. पण त्या दिरंगाईत एक गोष्ट आपोआप साधत असे. पत्र दार ओलांडण्यापूर्वी त्यावरून चार-पाच माणसांची नजर फिरत असे. जावक लिपिकाला राजकारण कळत नसेल. परंतु पाटण्याच्या लिफाफ्यात पुण्याचे पत्र जात आहे, एवढे त्याला नक्की कळत असे. ई-मेलने ही सारी साखळी एका बोटात आणून ठेवली. मसुदा करणारा, ताडून पाहणारा, पत्ता घालणारा, नोंद करणारा आणि पोचविणारा हे सगळे आता एकच आहेत. आणि बहुधा त्याच वेळी त्याचा दूरध्वनीही वाजत असतो.

फूट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चोर उभा राहतो. दिल्लीकरांना २०१५ च्या फेब्रुवारीतील शास्त्री भवनाचे प्रकरण स्मरत असेल. पेट्रोलियम मंत्रालयातील कागद रात्री चोरून बाहेर नेले जात होते, असा आरोप ठेवून दिल्ली पोलिसांनी अटका केल्या होत्या. खोटी ओळखपत्रे, बनावट किल्ल्या, रात्रीच्या वेळी काढलेल्या छायाप्रती असे सारे त्या आरोपांत होते. एखादा कागद बाहेर काढावयास केवढे उपद्व्याप करावे लागत, याचा तो पुरावा म्हटला पाहिजे. ई-मेलमधून होणारी फूट मात्र बहुतेक वेळा भर दुपारी, दिव्याच्या उजेडात, एखाद्या प्रामाणिक आणि कामसू माणसाच्या हातून होते. किंबहुना कामसू माणसाच्या हातूनच ती अधिक होते, कारण अधिक पत्रे तोच पाठवितो.

माझ्या परिचयाच्या एका कार्यालयातील गोष्ट सांगतो. कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या बिलांत काही क्रमांक चुकले होते. लेखा विभागातील लिपिकाने ‘कृपया आपापला क्रमांक तपासावा’ असे लिहून संपूर्ण तक्ता सर्वांना धाडला. तक्त्यात नाव होते, रक्कम होती आणि आजाराचा रकानाही होता. त्यात शासकीय गुप्ततेच्या कायद्याखाली येणारे एक अक्षर नव्हते. परंतु एका सहकाऱ्याने जे दुखणे सख्ख्या भावापासून लपविले होते, ते पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांवर कळले. त्या गृहस्थांनी पुढे कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत खोलीबाहेर पाऊल टाकले नाही. तेव्हा ‘आमच्याकडे कसली आली आहेत गुपिते’ असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या संगणकात दुसऱ्यांची किती गुपिते ठेव म्हणून पडून आहेत, हे एकदा मोजून पाहावे. बँकेच्या खात्यांचे क्रमांक, आधार क्रमांक, उमेदवारांचे गुण, चौकशीखालील कर्मचाऱ्याचे जबाब, निविदेतील दर, हे सारे तेथे असते.

आता ही चूक घडते कशी ते पाहू. सर्वांत साधा प्रकार पत्त्याचा. आपण पहिली दोन-तीन अक्षरे लिहिली की यंत्र उरलेला पत्ता स्वतःच पुरा करते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जी-२० राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. तेथील इमिग्रेशन खात्याच्या एका कर्मचाऱ्याने येणाऱ्या ३१ जागतिक नेत्यांचे पारपत्र क्रमांक, जन्मतारखा आणि व्हिसाचा तपशील ई-मेलने पाठविला. यंत्राने पुरा केलेला पत्ता न तपासल्यामुळे ते पत्र गेले आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या संयोजन समितीतील एका व्यक्तीकडे! त्या यादीत अमेरिकेचे आणि रशियाचे अध्यक्ष होते, तसेच आपले पंतप्रधानही होते. पत्र मिळालेल्या माणसाने चूक कळविली आणि ते पुसून टाकले. पण ही हकीकत जगाला कळली ती पुढल्या वर्षी वृत्तपत्रांतून. यंत्र पत्ता सुचविते, म्हणजे पूर्वी ज्याला लिहिले होते त्याचे नाव पुढे करते. आज कोणाला लिहावयाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते.

दुसरा प्रकार प्रतींचा. कचेरीत वाढलेल्या मागील पिढीला कार्बन कागद परिचयाचा आहे. ई-मेलमध्ये ‘सीसी’ म्हणून जो रकाना असतो तो त्या कार्बन प्रतीचाच वारस होय. आणि ‘बीसीसी’ म्हणजे आंधळी कार्बन प्रत, जी कोणाकोणाला गेली हे इतर वाचकांना दिसत नाही. एकच सूचना शंभर परस्परअनोळखी माणसांना पाठवावयाची असेल, तर त्यांचे पत्ते या दुसऱ्या रकान्यात घालावयाचे असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये, काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर अवघ्या महिन्याभरात, ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने आपल्यासाठी काम केलेल्या अफगाण लोकांना एक पत्र पाठविले. जीव मुठीत धरून लपून बसलेली ती माणसे होती. २४५ जणांचे पत्ते सर्वांना दिसतील अशा रकान्यात पडले. काहींच्या पत्त्यांबरोबर त्यांची छायाचित्रेही दिसत होती. त्यावर दोघांनी सर्वांनाच उत्तर धाडले आणि त्यांपैकी एकाने आपण कोठे आहोत हेही त्यात लिहिले. डिसेंबर २०२३ मध्ये या चुकीबद्दल त्या देशाच्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड केला. रकाना एकच चुकला होता.

परंतु याच खात्यात याहून मोठा अनर्थ घडून गेला होता, आणि मला तो अधिक उद्बोधक वाटतो, कारण त्यात पत्ता चुकला असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या अफगाण अर्जदारांपैकी काहींची ओळख पटवून घेण्यासाठी एक तक्ता खात्याबाहेर धाडण्यात आला. पाठविणाऱ्याची समजूत अशी की त्यात सुमारे दीडशे नावे आहेत. डोळ्यांना तेवढीच दिसत होती. उरलेल्या ओळी तक्त्यात झाकलेल्या होत्या. त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. प्रत्यक्षात जवळजवळ एकोणीस हजार अर्जदारांची माहिती त्यातून गेली. खात्याला हे कळले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, त्यातील काही भाग समाजमाध्यमावर दिसला तेव्हा. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ही बातमी छापण्यास बंदी झाली, ती जुलै २०२५ मध्ये उठली; मधल्या काळात हजारो माणसांना गुपचूप ब्रिटनमध्ये आणण्याची योजना राबवावी लागली. तक्त्यातील ओळ झाकणे आणि ओळ काढून टाकणे यांतील भेद न ओळखल्याने एका राष्ट्राला केवढी किंमत मोजावी लागली पाहा!

हा भेद आपल्याही नित्याच्या कामात पदोपदी येतो. संगणकातील तक्त्यात ओळ लपविता येते, रकाना लपविता येतो, संपूर्ण पानही लपविता येते. मसुद्यातील खोडलेला मजकूर ‘दुरुस्त्या दाखवा’ म्हटले की पुन्हा दिसू लागतो. एखाद्या नावावर काळी पट्टी ओढली तरी पट्टीखालचे अक्षर पुष्कळदा तसेच राहते आणि उचलून दुसरीकडे चिकटविले की वाचता येते. म्हणून मूळ तक्ता कधीही बाहेर जाऊ देऊ नये. जेवढी माहिती मागितली आहे तेवढीच नव्या, कोऱ्या कागदावर उतरवावी, आणि तो नवा कागद पाठवावा. माझा एक वडीलधारा सहकारी तर असा तक्ता पाठविण्यापूर्वी स्वतःला एक प्रत ई-मेलने पाठवीत असे आणि परक्या माणसाप्रमाणे ती उघडून पाहत असे. लोक त्याला हसत. मी मात्र ही रीत त्याच्याकडून उचलली.

येथे मला आपल्या जुन्या पत्रव्यवहाराची आठवण होते. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून नाशिकच्या हिंगणे घराण्यातील पुरुष याच दिल्लीत राहत आणि दरबारातील बारीकसारीक बातमी दक्षिणेत कळवीत. पत्र शेकडो मैल जावयाचे. वाटेत ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसे. पत्र फुटण्याचे भय तर होतेच, पण पत्रात कोणी भर घालील हेही भय होते. म्हणून मराठी राज्यातील पत्राच्या शेवटी, जेथे लेखन संपते तेथे, लहान शिक्का उठवीत. तो लेखनसीमेचा शिक्का, मोर्तब. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का आढळतो. येथे मर्यादा झाली, यापुढे या पत्राचे काही नाही, असा त्याचा अर्थ. ई-मेलला नेमकी ही मर्यादा नाही. एका पत्राला उत्तर दिले की खाली मागचे पत्र जोडले जाते, त्याखाली त्यामागचे. आणि एखादे दिवशी ते लांबच लांब शेपूट घेऊन पत्र अशा माणसाकडे जाते की ज्याला फक्त वरच्या दोन ओळी दाखवावयाच्या होत्या. खालच्या पंधराव्या परिच्छेदात त्याच्याविषयीच साहेबांचा अभिप्राय असतो. परक्या व्यक्तीला लिहिताना जुन्या पत्राला उत्तर देण्याऐवजी नवे पत्र लिहावे आणि आपली लेखनसीमा आपणच घालावी, हे उत्तम.

दुसरी जुनी रीत दुहेरी लिफाफ्याची. केंद्र सरकारच्या कागदांना गोपनीयतेच्या चार श्रेणी आहेत : परम गुप्त, गुप्त, गोपनीय आणि मर्यादित. गुप्त कागद पाठविताना तो आतल्या लिफाफ्यात घालून मोहोरबंद करावयाचा आणि श्रेणी त्या आतल्या लिफाफ्यावर लिहावयाची. बाहेरच्या लिफाफ्यावर नुसता पत्ता, जेणेकरून आत काही गुप्त आहे हे वाटेवरच्या माणसाला कळूच नये. अशा श्रेणीतले कागद साध्या ई-मेलने पाठवावयाचेच नसतात. त्यांचा मार्ग वेगळा. परंतु श्रेणी नसलेल्या, तरी नाजूक अशा माहितीसाठी ही दुहेरी लिफाफ्याची युक्ती ई-मेलला तंतोतंत लागू पडते. ई-मेलचा विषय म्हणजे बाहेरचा लिफाफा. त्यात ‘अमुक यांच्याविरुद्धची चौकशी’ असे लिहिणे म्हणजे ते लिफाफ्यावर लिहिण्यासारखेच. जोडपत्र म्हणजे आतला लिफाफा. त्याला सांकेतिक शब्दाचे कुलूप घालता येते. मात्र तो शब्द त्याच पत्रात लिहू नये. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकविण्याचा हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की त्याला आता प्रथाच म्हणावी लागेल. किल्ली दूरध्वनीवरून सांगावी.

आतापर्यंत पत्र बाहेर जाण्याविषयी बोललो. पण पुष्कळदा फूट सुरू होते ती आत आलेल्या पत्रापासून. एप्रिल २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक अहवाल प्रसिद्ध केला. भारत सरकारच्या संगणकांतून चोरीस गेलेले कागद त्यांना परदेशातील यंत्रांवर सापडले होते. त्यांत गुप्त, गोपनीय आणि मर्यादित असे शिक्के असलेले कागद होते. अशा चोरीत शत्रूला भिंत चढावी लागत नाही. ओळखीच्या माणसाच्या नावाने, कामाचे वाटेल अशा विषयाने एक पत्र यावयाचे. त्याचे जोडपत्र उघडले की चोराला घरात घेतलेच म्हणावयाचे.

अशी पत्रे ओळखण्याची एक युक्ती मराठी माणसास सहज समजेल. आपल्या टपालाच्या पत्त्यात आधी नाव येते, मग मुक्काम-पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा. पत्र कोणत्या जिल्ह्यात जावयाचे हे शेवटची ओळ ठरविते. ई-मेलच्या किंवा संकेतस्थळाच्या नावाचेही तसेच आहे. त्यातील टिंबे मोजीत उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घटनेच्या अहवालाचे सोंग घेतलेले कागद सरकारी अधिकाऱ्यांकडे येऊ लागले. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेक्राइट प्रयोगशाळेने त्यांची फोड करून दाखविली. त्यांत वापरलेला एक पत्ता ‘जेकेपोलीस डॉट जीओव्ही डॉट इन’ असा सुरू होत होता, आणि पुढे ‘डॉट काश्मीरअटॅक डॉट एक्स्पोज्ड’ असा संपत होता. डावीकडून वाचणाऱ्याला तो जम्मू-काश्मीर पोलिसांचा सरकारी पत्ता वाटला असता. उजवीकडून वाचणाऱ्यास जिल्हाच वेगळा असल्याचे तत्क्षणी दिसले असते.

शेवटच्या अक्षरांचे महत्त्व उलट बाजूनेही आहे. अमेरिकी सैन्याचे पत्ते ‘एमआयएल’ या अक्षरांनी संपतात. त्यातले ‘आय’ गाळले की ते माली या आफ्रिकी देशाचे पत्ते होतात. २०२३ साली उघडकीस आले की त्या वर्षी जानेवारीपासून अशी चुकीची सुमारे १,१७,००० पत्रे मालीच्या पत्त्यावर जमा झाली होती. त्यांत वैद्यकीय कागद होते आणि एका सेनाधिकाऱ्याच्या प्रवासाचा तपशीलही होता. सैन्याने स्वतःच्या यंत्रांवरून तिकडे जाणारी पत्रे अडविली होती. परंतु कंत्राटदार, प्रवास व्यवस्थापक आणि खाजगी पत्ते वापरणारे कर्मचारी यांना कोण अडविणार?

खाजगी पत्त्यांचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेला आहे. सरकारी अधिकारी परदेशी कंपन्यांच्या ई-मेलवरून सरकारी कामकाज करतात आणि त्यामुळे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा भंग होतो, अशी तक्रार घेऊन के. एन. गोविंदाचार्य २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्या सुनावणीच्या ओघात सरकारला ई-मेलविषयीचे धोरण ठरविण्याची निकड भासली. ऑक्टोबर २०१४ च्या त्या धोरणाने सरकारी पत्रे खाजगी पत्त्यावर आपोआप वळविण्यास मनाई केली आणि सरकारी कामासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची सेवा वापरावयास सांगितले. २०२५ पर्यंत सुमारे बारा लाख सरकारी खाती झोहो या देशी कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आली; पत्ते मात्र पूर्वीचेच राहिले. तरीही ‘रात्री घरी बसून पाहतो’ म्हणून फाईल स्वतःच्या खाजगी पत्त्यावर धाडणारा सज्जन आजही प्रत्येक कचेरीत आहे. त्याला रागावून भागत नाही. सरकारी व्यवस्था मंद असेल, मोठे जोडपत्र नाकारीत असेल, दर वेळी नवा सांकेतिक अंक मागत असेल, तर काम उरकू पाहणारा माणूस आडवाट धरणारच. आडवाट बंद करावयाची असेल तर हमरस्ता आधी दुरुस्त करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने कचेरीच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे फर्माविले, तेही याच जातीचे. मसुदा सुधारून घेण्यासाठी तो परक्या यंत्राला वाचून दाखविणे ही आडवाटच.

सांकेतिक अंकाविषयी एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. सरकारी ई-मेल उघडताना पासवर्डखेरीज दुसरी खूणही पटावी म्हणून ‘कवच’ नावाची योजना आली होती. २०२२ साली चोरांनी त्या कवचाचीच खोटी नक्कल करून अधिकाऱ्यांच्या गळ्यात घालण्याचा उद्योग केला. रखवालदाराचा गणवेश शिवून घेण्याइतकी ही मंडळी चतुर आहेत. म्हणून दुसरी खूण टाकून द्यावी असे मात्र नव्हे. एकट्या पासवर्डावर विसंबणाऱ्याचे घर उघडेच समजावे.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फुटीचे भय अंगी भिनले की कचेरी प्रत्येक कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारू लागते. चहापानाच्या निमंत्रणावर तो शब्द मी पाहिलेला आहे. त्याचा परिणाम असा की खरोखर गोपनीय कागदावरचा शिक्का कोणी वाचीत नाही. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला जे कळावयास हवे, ते दडविण्याची ढाल म्हणून सुरक्षिततेचा उपयोग होऊ नये. रस्त्याच्या कामाला किती खर्च आला हे सर्वांनी जाणावे. त्या कामावरील मजुराचा बँक खाते क्रमांक कोणी जाणू नये. बहुतेक प्रकरणांत हा विवेक करावयास कायद्याची पोथी लागत नाही. हा कागद कोणाविषयी आहे, आणि तो मनुष्य या क्षणी माझ्यामागे उभा राहून पाहत असता तर मी तो असाच पाठविला असता काय, एवढे विचारले तरी पुरे होते.

यंत्रे येथे साहाय्य करू शकतात. पत्र पाठविल्यावर ते काही वेळ थांबवून ठेवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. जीमेलमध्ये ती तीस सेकंदांपर्यंत वाढविता येते. तीस सेकंद ही थट्टा वाटेल, पण चूक ध्यानात येते ती बहुधा बटण दाबल्याच्या पुढल्याच श्वासात. पत्र कचेरीबाहेर जात आहे अशी तांबडी सूचना दाखविणारी, पत्रात बारा आकडी आधार क्रमांकासारखे काही दिसल्यास ते अडविणारी व्यवस्थाही मिळते. ती बसवावी, पण तिची सूचना दर पत्राला वाजू लागली की माणसे न वाचताच ‘होय’ म्हणू लागतात, हे बसविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. माझ्या मते पन्नासहून अधिक व्यक्तींची माहिती असलेले कोणतेही जोडपत्र दुसऱ्या एका सहकाऱ्याने उघडून पाहिल्याखेरीज बाहेर जाऊ नये. जुन्या साखळीतील निदान एक कडी अशी परत जोडता येईल.

इतके करूनही पत्र चुकीच्या ठिकाणी जाईलच. मग काय करावे? पत्र ‘परत बोलाविण्याची’ आज्ञा आपल्याच कचेरीच्या आत कधी चालते, बाहेर गेलेल्या पत्रावर तिची मात्रा चालत नाही. उलट, परत बोलाविले म्हणजे आत काहीतरी आहे, असे वाचणाऱ्यास वाटते. ज्याच्याकडे पत्र गेले त्याला दूरध्वनी करावा, ते न उघडता पुसण्याची विनंती करावी, त्याने तसे केल्याचे लेखी घ्यावे. आणि त्याच तासात वरिष्ठांना सांगावे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, माहितीची फूट धरून, संगणकीय दुर्घटनांची खबर सहा तासांच्या आत द्यावयाची आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ज्याची माहिती फुटली त्यालाही ते कळविण्याचे बंधन त्यांत आहे. वैद्यकीय बिलांची जी गोष्ट मी सांगितली, तिथे त्या गृहस्थांना कोणी काही कळविलेच नव्हते. त्यांना ते कळले ते मधल्या मजल्यावरच्या एका हितचिंतकाच्या सहानुभूतीवरून.

येथे वरिष्ठांच्या वागणुकीचा प्रश्न येतो. ज्या कचेरीत चूक सांगणाऱ्याला ताबडतोब कारणे दाखवा नोटीस मिळते, तेथे पुढली चूक सहा तासांत कळत नाही, सहा महिन्यांनी कळते. अफगाण तक्त्याची गोष्ट दीड वर्ष कोणाला ठाऊक नव्हती. ती कळली तेव्हा तक्ता किती हातांतून गेला आहे, हे शोधणेही दुरापास्त झाले होते. ब्रिस्बेनच्या प्रकरणात निदान थोड्याच वेळात वरिष्ठांच्या कानावर गोष्ट गेली. हेतुपुरस्सर माहिती विकणाऱ्याला कायद्याने मोकळे सोडू नये. परंतु चूक होताच धावत येऊन सांगणाऱ्याला त्याच पंक्तीत बसविणे हे न्यायाला धरून नाही आणि कचेरीच्या हिताचेही नाही.

राहता राहिल्या जुन्या याद्या. कचेरीत ‘सर्व अधिकारी’, ‘समिती सदस्य’ अशा नावांचे गट करून ठेवलेले असतात, म्हणजे एकदा नाव लिहिले की पत्र सर्वांना जाते. गट एकदा केला की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माणसे बदलून जातात, निवृत्त होतात, खाजगी नोकरीत जातात, क्वचित दिवंगतही होतात. गटात त्यांची नावे तशीच राहतात आणि बैठकींचे इतिवृत्त त्यांना नेमाने जात राहते. चार वर्षांपूर्वी सेवानिवृत्त होऊन नागपुरास राहावयास गेलेले एक गृहस्थ मला म्हणाले की, तुमच्या समितीत सध्या काय चालले आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पगारबिलातून ज्या दिवशी एखाद्याचे नाव कमी होते, त्याच दिवशी ते या गटांतूनही कमी व्हावे, आणि हे काम कोणाचे ते कचेरीच्या आदेशात नावानिशी लिहिलेले असावे.